सर्वानुमते ठरलेला नळ

रायपूरच्या गुढियारीतल्या एका पाऱ्यात, रेल्वेलाइनच्या अलीकडे, एका काकीच्या दारासमोर सार्वजनिक नळ आहे. तो तिथं माझ्यामुळे बसला. नळ बसवणं ही काही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. उलट आमच्या क्षेत्रात असा एखादा नळ मिळवला की लोक त्याचा फोटो काढून भिंतीवर लावतात. आमच्या ऑफिसच्या भिंतीवरही तो होता. मीच तो उतरवून कपाटात उलटा ठेवला, आणि कुणी विचारलंच तर भिंतीला ओल येत होती म्हणून सांगते.

पारा म्हणजे इकडे वस्ती, मोहल्ला. मीही पाऱ्यातलीच, फक्त माझा ब्राह्मणपारा. आजोबा विदर्भातून रेल्वेच्या नोकरीला इथं आले आणि रायपूरचेच होऊन गेले. आम्ही घरात नागपुरी मराठी, गल्लीत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी बोलत वाढलो. तिन्ही भाषा येतात म्हणूनच मला वस्तीच्या कामात घेतलं होतं. मुलाखत घेणारे म्हणाले होते, तुम्हाला लोकांचं बोलणं कळतं, हे आम्हाला उपयोगाचं आहे. ते वाक्य मी पुढची वीस वर्षं मिरवत हिंडले.

वस्तीत काम करायचं तर पाया कोणता, हे मी नवीन मुलींना शिकवते. लोकांसाठी ठरवू नका, लोकांबरोबर ठरवा. आधी ऐका. बैठकीत जी बाई सगळ्यात मागे बसली असेल तिला मुद्दाम विचारा. हे मी इतक्या ठसक्यात सांगते की मुली वहीतून मान वर काढत नाहीत. घरी मात्र आई माझ्या ऐकण्याला हसते. "दुनियेचं ऐकत फिरते, अन् मी इथं हाका मारून राहिली त तुले ऐकू येत नाही. काहून वो?" आईला काय कळतंय आमच्या कामातलं, असं मनात म्हणायचे.

त्या पाऱ्यात चाळीसेक घरं आणि नळ एकच, तोही पार रस्त्याच्या तोंडाशी. आतल्या घरांतल्या बाया डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याची घागर, आणि कमरेवर बादली घेऊन पूर्ण गल्ली तुडवत. दुसरा नळ मंजूर झाला तेव्हा तो कुठं बसवायचा हे पाऱ्यातल्या लोकांनीच ठरवून लेखी द्यायचं होतं, आणि ती बैठक घडवून आणायचं काम आमच्या संस्थेकडे आलं. म्हणजे माझ्याकडे.

बैठक घेतली ती ऐन पावसाळ्यात, दोन सरींच्या मधल्या उघडीपीला. देवळाच्या पत्र्याखाली कोरड्या जमिनीवर आम्ही रांगोळीनं पाऱ्याचा नकाशा काढला. हा आमचा जुना मार्ग आहे. कागदावर नकाशा काढला की शिकलेले पुरुष तो हातात घेऊन बसतात. जमिनीवर काढला की बाया आपोआप पुढे सरकतात. घरं दाखवायला मी घरून चिंचोके नेले होते. प्रत्येकीनं आपापल्या घराच्या जागी चिंचोका ठेवायचा. खूप हशा झाला. एकीनं सासूच्या खोलीसाठी मुद्दाम किडका चिंचोका निवडला, तर सासू तिथंच बसलेली निघाली. अशा बैठकीत मला फार बरं वाटतं. आपण काहीतरी जमवून आणलं, आपल्यामुळे या बाया बोलत्या झाल्या, असं वाटायला लागतं.

नकाशावर एकाच ठिकाणी गल्ली रुंद होत होती. तिथं एका घरासमोर आठ-दहा हात मोकळी जागा होती. सगळ्यांची बोटं तिथंच गेली. नळ इथं बसला तर दोन्ही बाजूंच्या घरांना सारखाच जवळ. मी त्या जागी खडूनं लिहिलं: रिकामी जागा.

ते घर काकीचं होतं. साठीच्या आसपासची किरकोळ बाई, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत हिरवं गोंदण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी भाटापाऱ्याला दिलेली. काकी रखिया बरी घालून विकायची. रखिया म्हणजे कोहळा. त्याचा कीस आणि भिजवून वाटलेली उडदाची डाळ हातानं फेटून फेटून हलकी करायची, आणि खाटेवर जुनं लुगडं पसरून त्यावर तिचे छोटे छोटे गोळे सोडायचे. आपल्याकडचे सांडगेच म्हणा. कडक वाळल्या की वर्षभर टिकतात. पूर्ण थंडीभर तिच्या दारासमोर दोन खाटा उन्हात असत. गोल बाजारातला एक दुकानदार तिच्याच बऱ्या मागून घ्यायचा. उन्हाळ्यात त्याच खाटांवर पापड. तिचं पोट त्या आठ-दहा हात उन्हावर होतं.

आणि हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. दर हिवाळ्यात मी तिच्याकडून बऱ्या आणत असे, आणि त्या खाटांना वळसा घालूनच तिच्या दारात जात असे. पण बैठक पावसाळ्यातली. खाटा आत भिंतीला टेकलेल्या. नकाशावर चिंचोके होते, खाटा नव्हत्या. मी बघितलं तेव्हा ती जागा रिकामी होती आणि मी रिकामी म्हणून लिहून टाकली.

काकी बैठकीत सगळ्यात मागे बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन. मी माझ्या नियमाला धरून तिला मुद्दाम विचारलं. सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, हसून विचारलं. "काकी, नल तुम्हर दुआर के आगू लगही. ठीक हे न?"

नळ तुमच्या दारापुढे बसेल, चालेल ना?

"हव दीदी," ती म्हणाली.

हव म्हणजे हो. छत्तीसगढीतला हा पहिला शब्द मी शिकले असेन. तरी मी आणखी एकदा विचारलं, कारण दुसऱ्यांदा विचारावं असंही आम्ही शिकवतो. ती खाली बघून हातातला चिंचोका बोटानं फिरवत होती. "हव," ती परत म्हणाली, आधीपेक्षा हळू. माझा जीव भांड्यात पडला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, सर्वानुमते ठरले. खाली सह्या झाल्या, अंगठे झाले. काकीचा अंगठा मीच शाईत बुडवून धरला.

घरी येऊन मी आईला सगळं रंगवून सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिनं एवढंच विचारलं, "त्या बाईले तुनं सगळ्यायसमोर इचारलं का एकटीले?"

"अगं, सगळ्यांसमोरच विचारायचं असतं. पारदर्शक असायला पाहिजे ना."

"मंग ते बिचारी नाही कशी म्हनन वो? चाळीस घरच्या बाया पाण्यासाठी तिच्या तोंडाकडं पाहून राहिल्या अशीन."

मी चिडले. तुला बैठकीतलं काही कळत नाही, असं फटकन बोलून गेले. आई म्हणाली, "बरं." आणि भाजीची परात घेऊन आत गेली.

आता या 'बरं'चं काय सांगू. वडील होते तेव्हा त्यांनी एकदा आईला न विचारता अंगणातली तुळस हलवून तिथं स्कूटरला शेड घालायचं ठरवलं. संध्याकाळी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं." ते ऐकून आम्ही भावंडं गुपचूप दप्तरं उघडून बसलो. आठवडाभर घरात भांड्यांचे आवाज तेवढे होते. आईचं खरं होकाराचं बोलणं कधी एका शब्दाचं नसतं. हो म्हणायचं असेल तर ती दहा प्रश्न विचारते, कधी आणणार, कुठं ठेवणार, कोण येणार. एका शब्दात संपवलं की समजायचं, हिच्या मनात नाही आणि हिला भांडायचंही नाही. हे मला दहाव्या वर्षापासून कळतं. जे माझ्या आईच्या तोंडी मला झोपेतही कळलं असतं, तेच काकीच्या तोंडी मला कळलं नाही. का नाही कळलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर फार साधं आणि वाईट आहे. मला तिचं हो पाहिजे होतं. ते मिळाल्यावर मी ऐकणं बंद केलं.

दिवाळीच्या आधी नळ बसला. उद्घाटनाला कुणा पाहुण्याला बोलावण्यापेक्षा पाऱ्यातल्याच बाईच्या हातून नारळ फोडावा, ही कल्पनाही माझीच. कुणाच्या हातून? ज्यांच्या दारात नळ, त्या काकींच्या. तिनं नारळ फोडला. टाळ्या वाजल्या. भिंतीवर होता तो फोटो हाच. त्यात काकी कॅमेऱ्याकडे नाही, खाली ओल्या जमिनीकडे बघते आहे. तेव्हा मी म्हटलं होतं, लाजली.

थंडी पडल्यावर मी नेहमीसारखी बऱ्या आणायला गेले. गल्ली रुंद होते तिथं गुंड, बादल्या, तेलाचे रिकामे डबे यांची रांग लागलेली. खाली चिखल. दोन बाया कुणाचा नंबर यावरून हमरीतुमरीवर आलेल्या, एक पोट्टी नळाखाली चपला धूत होती, आणि पाण्याचे शिंतोडे थेट काकीच्या उंबऱ्यापर्यंत. खाटा दिसल्या नाहीत. आत गेले तर त्या भिंतीला टेकलेल्याच होत्या.

"काकी, बरी?"

"ए बछर नइ बनाएंव दीदी."

या वर्षी घातल्याच नाहीत. मी मूर्खासारखं विचारलं, का, ऊन नाही का? छत्तीसगढीत उन्हाला घाम म्हणतात. काकी दाराबाहेर बघून म्हणाली, "घाम तो हे. जघा नइ हे."

ऊन आहे, जागा नाही. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आदल्या दिवशी काय जेवलो ते सांगावं तसं तिनं सांगितलं. मी काहीतरी पुटपुटले, तिनं दिलेला चहा उभ्याउभ्या प्यायले आणि बाहेर पडले.

बाकीचं मला मितानिननं सांगितलं. मितानिन म्हणजे आपल्याकडच्या आशाताईसारखी, पाऱ्यातलीच बाई, घराघरात जाऊन बाळंतिणी आणि तापकरी बघणारी. काकीनं एकदा प्रयत्न केला होता म्हणे. पहाटे डाळ फेटून खाट बाहेर टाकली, पण नळावर गर्दी झाली, कुणाची तरी बादली कलंडली, आणि अर्ध्या बऱ्या भिजून आंबल्या. छप्पर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, त्यावर काही वाळवता येत नाही. गोल बाजारच्या दुकानदारानं दुसरीकडून माल घेतला. आता काकी सकाळी दोन घरी भांडी घासायला जात होती. ज्या हातांनी ती डाळ अशी फेटायची की गोळा पाण्यावर तरंगावा, त्या हातांनी.

"पण बैठकीत ती हव म्हणाली होती," मी म्हटलं.

मितानिन म्हणाली, "हव तो कहि दिस दीदी, फेर मन ले नइ कहिस. सबो जानत रहेन."

हव म्हणाली, पण मनापासून नाही, आणि हे सगळ्यांना माहीत होतं! मग मला का नाही सांगितलं, असं मी जवळजवळ ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "आप हमन ला कब पूछेव?" तुम्ही आम्हाला कधी विचारलंत? आणि पुढे म्हणाली की पाणी तर सगळ्यांनाच पाहिजे होतं, स्वतःच्या तोंडानं नको कोण म्हणणार. मितानिनच्या स्वतःच्या घरालाही त्याच नळाचं पाणी जात होतं.

इथं थांबले असते तर माझी चूक एवढीच राहिली असती. पण मी थांबणाऱ्यातली नाही. माझ्या अंगात असं आहे की अपराधी वाटलं की मला स्वस्थ बसवत नाही. लगेच काहीतरी करून मोकळं व्हायचं असतं. गल्लीत थोडं पुढे एका बंद गोदामाची लांबच लांब भिंत होती. नळ तिथं हलवता आला असता. काही घरांना वीस-पंचवीस पावलं जास्त पडली असती, एवढंच. मी ऑफिसात बसून एका दमात अर्ज लिहिला. दारासमोरच्या नळामुळे उपजीविकेचं साधन गेलं आहे, तरी नळ हलवण्यात यावा. खाली काकीचं पूर्ण नाव घातलं, त्यापुढे 'यांच्या वतीने' लिहून माझी सही केली, आणि त्याच दिवशी महापालिकेत देऊन आले.

काकीला विचारलं नाही. तिला विचारायला वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिच्यासमोर जाऊन बसायची मला हिंमत नव्हती. आणि आतून मला असंही वाटत होतं की नळ हलला की एक दिवस आपण जाऊन सांगू, काकी, बघा, केलं. ती हसेल. खाटा परत बाहेर येतील. मी माझ्या माफीची सगळी तयारी करून ठेवली होती. त्यात काकीला फक्त माफ करायचं काम होतं.

एका सकाळी दोन माणसं टेप घेऊन पाऱ्यात मोजमापाला आली. त्यांची काही चूक नाही, त्यांच्या हातात अर्ज होता. नळावर गर्दी होती. एकानं कागद बघून सरळ विचारलं, नल हटवाने का आवेदन किसने दिया है, आणि काकीचं नाव मोठ्यानं वाचलं. काकी तेव्हा भांडी घासायला गेली होती. ती परत येईपर्यंत पूर्ण पाऱ्यात झालं होतं की म्हातारीनं समोर हव म्हटलं, नारळ फोडला, आणि मागून आमचं पाणी तोडायला अर्ज केला.

तिच्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. लोक बोलेनासे झाले. आठवड्याभरात शेजारच्याच घरी नातू झाला, त्याची छट्ठी, म्हणजे सहाव्या दिवसाचा सोहळा, झाली. छट्ठीला पाऱ्यातल्या सगळ्या बाया जमतात, सोहर, म्हणजे बाळजन्माची गाणी, गातात, आणि गूळ, सुंठ, मसाल्याचं गरम कांके पानी सगळ्यांना वाटतात. काकीला सोहर येतात, अशी पाऱ्यात तिची ख्याती होती. कुणाकडेही पाळणा हलला की तिला आधी बोलावणं. या वेळी तिच्या दारावरून बाया गेल्या, गाणी तिच्या घरात ऐकू आली, आणि तिला कुणी हाक मारली नाही. कांके पानीचा पेलासुद्धा आला नाही.

हे मला कळल्यावर मी गेले. ती दारातच भेटली. "मोर नाव ले काबर लिखे दीदी?" माझ्या नावानं का लिहिलंस? तिनं एवढंच विचारलं. तुमच्या भल्यासाठी, हे शब्द ओठावर आले होते. ते गिळले, एवढीच मला स्वतःबद्दल सांगण्यासारखी गोष्ट आहे.

मी अर्ज मागे घेतला आणि परत बैठक बोलावली. त्याच पत्र्याखाली उभी राहून सांगितलं की अर्ज मी लिहिला, काकीला काहीच माहीत नव्हतं, चूक माझी, तिला दोष देऊ नका. बायांनी ऐकून घेतलं. पुढच्या दोघी-तिघी म्हणाल्या, "हव दीदी." या वेळी मला तो शब्द नीट ऐकू आला. त्यांना वाटत होतं की मी काकीला वाचवायला आले आहे, म्हणजे काकीचं आणि माझं संगनमत होतंच. मी जितकी तिची बाजू घ्यायला लागले तितकी ती माझी माणूस ठरत गेली, आणि पाऱ्याची कमी. मला ते डोळ्यांसमोर होताना दिसत होतं आणि मी बोलतच होते.

बैठकीनंतर काकीनं मला आत बोलावलं. पाट दिला, पितळी लोट्यातून पाणी दिलं. मी हात जोडले. काकी, माझं चुकलं, म्हटलं. आधी नळाचं, मग अर्जाचं. मी हे कसं निस्तरू ते सांगा, मी घरोघरी जाते, एकेकीच्या पाया पडते. मला रडू आवरेना. तिला मात्र माझ्या रडण्याचं अवघडल्यासारखं झालं असावं. ती उठून दार लोटून आली, म्हणजे बाहेर दिसायला नको.

मग ती माझ्याजवळ बसली. आजवर ती मला दीदी म्हणत आली होती, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी असून. त्या दिवशी तिनं मला नोनी म्हटलं. नोनी म्हणजे मुलगी, बाळ.

"नोनी, थोरिक दिन हमर पारा झन आबे."

थोडे दिवस आमच्या पाऱ्यात येऊ नकोस. मी काही बोलणार तेवढ्यात तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "तैं आथस त सबो ला सुरता आथे. तैं तो अपन घर चल देबे. मोला त इहें रहना हे."

तू आलीस की सगळ्यांना आठवतं. तू आपल्या घरी जाशील, मला इथंच राहायचं आहे. तिचा हात भांड्यांच्या राखेनं भेगाळलेला होता. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी समजूत काढली असती, ती विद्या मला येते. ती मला विनंती करत होती. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिलंच.

मी तो पारा दुसऱ्या मुलीकडे सोपवला. ऑफिसात कारण विचारलं तेव्हा कामाची फेरवाटणी म्हटलं. त्यालाही दोन थंड्या उलटून गेल्या.

मितानिन कधीमधी भेटते. विचारायचं नाही असं ठरवूनही मी विचारतेच. पहिले काही महिने ती नुसती मान हलवायची. मग एकदा म्हणाली, काकीला एका घरच्या छट्ठीत बोलावलं होतं. मागच्या थंडीत तिनं सांगितलं की ज्या घरी तेव्हा कांके पानी वाटलं आणि काकीला दिलं नाही, त्याच घरानं आता पक्कं छत घातलं आहे, आणि काकीच्या खाटा त्यांच्या छतावर असतात. खाट चढवायला त्यांची सून हात लावते. कुणी बैठक घेतली का, मी विचारलं. ती हसली. बैठक कसली, म्हणाली, आपापसात झालं.

मला खूप आनंद झाला, आणि त्याच क्षणी खूप वाईटही वाटलं. मी वर्षानुवर्षं जे घडवून आणायला जात होते, ते मी जायचं थांबवल्यावर घडलं. मी नसण्याचा त्यांना उपयोग झाला, हे कुणाला कसं सांगायचं, आणि नवीन मुलींना तर काय म्हणून शिकवायचं. मी अजून शिकवते. मागे बसलेल्या बाईला विचारा, हे वाक्य आलं की माझी जीभ अडखळते. मग मी म्हणते, तिच्या घरी जाऊन विचारा, एकटीला विचारा, आणि ती एका शब्दात बोलली तर लिहून घेऊ नका. मुली लिहून घेतात. नकाशाचं काय झालं, नळाचं काय झालं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तेवढं मोठं मन माझं अजून झालेलं नाही.

गेल्या आठवड्यात गुढियारीच्या बाजूला काम होतं. काम संपवून स्कूटर त्या गल्लीच्या तोंडाशी आणली. जुन्या नळाच्या इथून छत दिसेल, असं मितानिननं सांगितलं होतं. दिसलंही. छताच्या कठड्यावरून लुगड्याचा एक काठ लोंबत होता, पांढरा, त्यावर काही असेल तर खालून कळत नव्हतं. काकी कुठं असेल, त्या उन्हात बसून राखण करत असेल का, भांडी घासायला अजून जाते का, हे विचारावंसं फार वाटलं. गल्लीत थोडं आत गेलं की तिचं दार होतं. नळावरच्या एका बाईनं माझ्याकडे वळून बघितलं, आणि ती मला ओळखायच्या आत मी स्कूटर वळवली.

थोडे दिवस येऊ नकोस, म्हणाली होती. थोडे म्हणजे किती, हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता विचारायचं तर तिच्या दारात जावं लागेल.